निमंत्रकाची घसरगुंडी

कमिटीच्या मीटिंगमध्ये डुलकी लागणं यात काही गैर नाही. खजिनदारांचा अहवाल सुरू झाला की आमच्या चर्चची निम्मी कमिटी डोळे मिटून बसते आणि विचारलं तर मनातल्या मनात प्रार्थना करत होतो म्हणते. गैर आहे ते डुलकीतून दचकून जागं होताना 'हो, हो' म्हणणं. मी नेमकं तसंच म्हणालो. त्या वेळी पाळकसाहेब सांगत होते की ज्या घरांत कुणी अपंग आहे, कुणाची समज वयाच्या मानाने कमी आहे, कुणाला मनाचा आजार आहे, ती घरं आपल्याकडे एकेक करून यायची बंद झाली आहेत, त्यांच्यासाठी एक स्वागत समिती नेमायची आहे, तर निमंत्रक कोण होतं? माझा होकार ऐकून टाळ्या पडल्या, कुणीतरी अनुमोदन दिलं, आणि चहा येईपर्यंत माझं नाव वहीत चढलंही.

घरी आल्यावर ही बातमी मी जरा छाती काढूनच सांगितली. ही कणीक मळत होती. म्हणाली, "घरी पाहुणा आला तर पाण्याचा तांब्या कुठे असतो हे तुम्हाला मला विचारावं लागतं. कुणाकुणाचं स्वागत करणार तुम्ही?"

अशा वेळी माणूस अभ्यासाकडे वळतो. मीही वळलो. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, 2016 च्या कायद्यात ते एकवीस झाले, ही माहिती मी कुठून कुठून गोळा केली, एकवीसच्या एकवीस प्रकार वहीत उतरवून काढले आणि पुढच्या मीटिंगमध्ये शाळेत पाढे म्हणायचो त्या चालीत म्हणून दाखवले. खजिनदारांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "एकवीसही येणार आहेत का? कारण खुर्च्या भाड्याने आणाव्या लागतील." मग ते म्हणाले की ही सगळी आजकालची फॅडं आहेत. इथे मात्र मी त्यांना सोडलं नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावला मुक्ती मिशनमध्ये आंधळ्या बायकांसाठी स्वतंत्र सदन काढलं होतं, त्यांना ब्रेल शिकवली जात होती, आणि अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड बाईंनी 1900 च्या सुमाराला मुंबईत अंध मुलांसाठी शाळा सुरू केली होती. फॅड असेल तर सव्वाशे वर्षांचं आहे. खजिनदार म्हणाले, "त्यांना मिशनकडून पैसे येत होते." मुद्दा संपला.

पहिलं काम ठरलं ते रॅम्पचं. आमचं चर्च मिशनच्या काळातलं, दगडी, आणि मिशनरी साहेबांना उंच जोत्याची हौस असावी, कारण दाराशी पोचायला चांगल्या पाच पायऱ्या. ज्याला चढता येत नाही त्याला तरुण संघाची पोरं खुर्चीसकट उचलून आणायची आणि वर आलेला माणूस उपासना संपेपर्यंत उतरायच्या काळजीत असायचा. पाळकसाहेबांनी मार्कच्या शुभवर्तमानातली गोष्ट सांगितली: पक्षाघात झालेल्या माणसाला चार जण खाटेवर घालून घेऊन आले, गर्दीमुळे दारातून शिरता येईना, तर त्यांनी छप्पर उसकटून त्याला येशूपुढे खाली सोडला. तेव्हा आपण पाच पायऱ्यांचं काहीतरी करायलाच हवं. गोष्ट सगळ्यांना भिडली. खजिनदारांनाही भिडली. त्यांनी विचारलं, "त्या छपराची दुरुस्ती कुणी केली हे मार्कने लिहिलंय का?"

रॅम्पची जबाबदारी अर्थातच निमंत्रकाकडे. आता पायऱ्यांच्या समोर थोड्या अंतरावर गुलमोहर आहे, आणि गुलमोहराखाली खजिनदारांची स्कूटर लागते, ती गेली वीस-पंचवीस वर्षं तिथेच लागते, त्यामुळे स्कूटरला धक्का न लावता मधे जेवढी जागा उरली तेवढ्यात, म्हणजे आठेक फुटांत, मी रॅम्प बसवून टाकला. मिस्त्री बिचारा दोनदा म्हणाला, "साहेब, उतार लई खडा हुतोय." मी म्हटलं, "देवाचं काम आहे, तू घाल सिमेंट."

उद्घाटन महिला मंडळाच्या लोणच्याच्या विक्रीच्या दिवशी ठेवलं, म्हणजे गर्दी आयती. आधी चाचणी घ्यावी ही सूचना माझीच, आणि व्हीलचेअरमध्ये निमंत्रकाने स्वतः बसावं हीही माझीच. तरुण संघातला एक दणकट मुलगा मागे धरून उभा राहिला. मी दाराशी खुर्चीत बसलो, लोकांना हात केला, आणि त्याला म्हटलं, "सोड." मला म्हणायचं होतं हळूहळू सोड. हल्लीची मुलं आज्ञाधारक राहिली नाहीत असं म्हणतात, ते खोटं आहे. त्यानंतरचं मला तुटक आठवतं: गुलमोहर डाव्या बाजूने गेला, स्कूटर उजव्या बाजूने गेली, महिला मंडळाच्या अध्यक्षबाई "अगंबाई" म्हणत टेबलाच्या अलीकडून पलीकडे झाल्या, आणि मी कैरीच्या तीन ओळी आणि लिंबाची एक ओळ पार करून जास्वंदीच्या कुंपणात स्थिरावलो. फुटलेल्या बरण्यांचे पैसे मी भरले. न फुटलेल्या हिने विकत घेतल्या, लाजेखातर.

त्या गर्दीत एक बँकेतले साहेब आले होते. अपघातानंतर त्यांचे पाय गेले, तेव्हापासून व्हीलचेअरवर असतात. आमच्या पायऱ्यांमुळे त्यांनी येणं सोडलं होतं आणि रॅम्पची बातमी ऐकून मुद्दाम आले होते. मी केसांतली जास्वंद झटकून स्वागताला धावलो. का कोण जाणे, पण खुर्चीत बसलेल्या माणसाशी मोठ्याने आणि सावकाश बोलायला हवं असं माझ्या डोक्यात कुठेतरी पक्कं होतं. मी त्यांच्यावर ओणवा होऊन ओरडलो, "सलाम साहेब! कसं... वाटतंय... तुम्हाला?" ते म्हणाले, "ऐकू येतंय." मी ओशाळून त्यांच्या पत्नीकडे वळलो आणि हळू आवाजात विचारलं, "यांना चहा चालतो का?" त्या म्हणाल्या, "त्यांना तुम्ही आत्ता ओरडून विचारलंत ना कसं वाटतंय, तसंच चहाचंही विचारा."

चहा पिऊन झाल्यावर साहेबांनी पत्नीच्या पर्समधून टेप काढायला लावली. अशा बायका पर्समध्ये टेप का बाळगतात हे तेव्हा मला कळलं नाही. दारं, संडास, लिफ्ट, सगळंच आधी मोजून पाहावं लागतं, हे नंतर त्यांनीच सांगितलं. पाच पायऱ्या, प्रत्येकी सहा इंच, म्हणजे अडीच फूट उंची. दर एक फूट उंचीला बारा फूट लांबी हवी, म्हणजे रॅम्प तीस फुटांचा. माझा आठ फुटांचा. "यावरून माणूस वर जाणार नाही," ते म्हणाले, "खाली मात्र कुणीही येईल, तुम्ही दाखवलंतच." मग त्यांनी विचारलं की तुमच्या समितीत व्हीलचेअर वापरणारं कोण आहे? मी म्हटलं, कुणी नाही. न दिसणारं? नाही. ज्यांच्या घरी असं मूल आहे असं? तेही नाही. "मग हे सगळं ठरवलं कुणाला विचारून?"

"मिस्त्रीला," मी म्हटलं. आणि तोही नको म्हणत होता.

साहेब समितीत आले आणि माझी निमंत्रकी नावापुरती उरली, त्याचा मला आतून फार आनंद झाला. नवा रॅम्प भिंतीच्या कडेने जाऊन मधे सपाट जागेवर वळतो आणि परत येतो. स्कूटर हलली. त्यावर एक पूर्ण मीटिंग गेली, तिचा वृत्तांत मी देत नाही. त्याहून मोठं रण माजलं ते बाकावरून. साहेबांची खुर्ची मधल्या वाटेत राहायची, दानाची थैली फिरवणारा त्यांना अडखळायचा, प्रभुभोजनाला जाणारी रांग त्यांना वळसा घालायची, आणि ते बिचारे अख्खी उपासना 'सॉरी, सॉरी' म्हणत पुढेमागे सरकत बसायचे. त्यांचं म्हणणं साधं होतं: एका बाकाची एक बाजू तीन फूट कापा, म्हणजे मी पत्नीशेजारी, चार लोकांत बसेन. मोजून पाहता सोयीचं बाक निघालं ते नेमकं पितळी पट्टीचं, खजिनदारांच्या आजोबांच्या स्मरणार्थ दिलेलं. आजोबा कापायचे की नाही यावर बरीच चर्चा झाली. शेवटी खजिनदारांनीच तोडगा काढला की बाक कापा, पण पट्टी उरलेल्या भागावर मधोमध बसवा. आता मूळच्या लांब बाकाचे ते दाते आखूड बाकाच्या मधोमध विराजमान आहेत.

त्यानंतरच्या प्रीतिभोजनात मी पुन्हा डोकं चालवलं. त्या रविवारी पाळकसाहेबांनी उपदेशात लूर्दची हकिकत सांगितली. फ्रान्समधल्या एका जोडप्याला दोन मुलं, दोघंही बौद्धिक अपंगत्व असलेली. त्यांना लूर्दच्या यात्रेच्या जथ्यात घेतलं नाही, ती आपली आपण गेली, तर हॉटेलवाल्याने सांगितलं की तुमचं जेवण खोलीतच पाठवू, बाकीच्या पाहुण्यांना अवघडल्यासारखं होतं. त्यातून मारी-एलेन मातिऊ यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी 1971 च्या ईस्टरला अशाच कुटुंबांची लूर्दची यात्रा काढली, हजारो माणसं आली, आणि ती परत गेल्यावर गावोगाव त्यांचे गट टिकून राहिले. श्रद्धा आणि प्रकाश या नावाचं ते काम आज पुष्कळ देशांत चालतं. मी मान डोलावून डोलावून ऐकलं. मग बाहेर आलो आणि माझं स्वतःचं आयोजन माझ्या नजरेस पडलं: मांडवाच्या एका टोकाला, सावलीत, पंख्याखाली, अपंग कुटुंबांसाठी वेगळं टेबल, त्यावर माझ्या अक्षरातली 'राखीव' अशी पाटी. लूर्दच्या हॉटेलवाल्यात आणि माझ्यात फरक एवढाच की मी टेबलक्लॉथ घातला होता.

कुणी काही बोललं नाही. साहेब आपली खुर्ची वळवून तबलेवाल्यांच्या पंगतीला जाऊन बसले, बाकीची घरंही इकडेतिकडे मिसळली, आणि राखीव टेबलावर मी एकटा मटण-भात जेवलो. पंखा छान होता.

आता राजाबद्दल. त्याचं नाव राजा नाही, पण आपण राजा म्हणू. नऊ-दहा वर्षांचा, स्वमग्न. आवाज त्याला सोसत नाहीत, आणि आमच्याकडे उपासना म्हणजे आवाजच: पेटी, तबला, तरुण संघाचा नवा ड्रमसेट आणि माइकची ती शिट्टी, जी माझ्या माहितीत कुणालाही थांबवता आलेली नाही. राजाची आई नेहमी शेवटच्या बाकावर, दाराच्या अगदी कडेला बसायची, पर्स खांद्यालाच, चप्पल पायात. मुलाने पहिला आवाज काढला की मागे न बघता ती बाहेर. तिच्याकडे वळलेल्या माना मी पाहिल्या आहेत. त्यांतली एक माझी होती.

तिला विचारून, या वेळी खरंच विचारून, आम्ही अडगळीच्या खोलीत शांत खोली केली. जाड सतरंजी, मंद दिवा, खिडकीला पडदा. नाताळचं सामान तिथेच राहिलं, कारण दुसरीकडे जागा नव्हती: एक कान तुटलेला प्लास्टरचा उंट, मागी लोकांचे सोनेरी मुकुट, मेंढपाळांच्या काठ्या आणि थर्माकोलचा गोठा. आईने सूचना दिल्या त्या मी कागदावर उतरवल्या: बोलायचं नाही, हात लावायचा नाही, घाई करायची नाही, तो जे करतोय ते करू द्यायचं. ड्रम सुरू झाले तशी राजाने कानांवर हात ठेवले आणि मी त्याला खोलीत घेऊन गेलो, म्हणजे तो पुढे आणि मी मागे. दार लोटलं. त्या दाराची बाहेरची कडी जुनी होती आणि आपण होऊन पडायची, हे चर्चमधल्या प्रत्येकाला माहीत होतं. मलाही होतं.

राजा सतरंजीवर बसून थर्माकोलच्या मेंढ्या एका रांगेत लावू लागला. मी दार ओढून पाहिलं, ढकलून पाहिलं, मग ठोठावलं, पण बाहेर ड्रम जोरात होते. मला बंद खोलीत जरा त्रास होतो. जरा म्हणजे लिफ्टमध्येही मी आकडे मोजतो. घाम फुटला, छाती धडधडायला लागली, मी उंटाला धरून उभा राहिलो आणि हाका मारू लागलो, कागदावरची सगळी कलमं एकापाठोपाठ एक मोडत. राजाने मेंढ्या थांबवल्या, माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं, उठला, स्वतःच्या गळ्यातले ते मोठाले हेडफोन काढले आणि माझ्या कानांवर बसवले. मग परत जाऊन मेंढ्या लावू लागला. बोलला नाही, हात धरला नाही, घाई केली नाही. मी खाली बसलो. बऱ्याच वेळाने दार उघडलं, तेव्हा आई दारात घाबरलेली, "काय झालं, कोण ओरडत होतं?" राजाने मेंढीवरून नजर न उचलता सांगितलं, "आजोबा."

मी अजून साठीचा आहे. पण ते असो.

कडी काढून टाकली. राजा आता पुष्कळदा मुख्य सभागृहातच बसतो, हेडफोन लावून, आणि आईजवळ उपासनेचा क्रम लिहिलेला कागद असतो, झालेल्या गोष्टीवर तो काट मारत जातो. एका रविवारी गीत, वाचन, दान सगळ्यांवर काट झाली, उपदेश तेवढा उरला आणि तो काही उरकेना. आमच्या पाळकसाहेबांचा उपदेश पाऊण तासाच्या आत कधी आटोपत नाही. राजाने पेन्सिल टेकवून ठेवली होती. शेवटी त्याने खणखणीत आवाजात विचारलं, "संपलं?"

सगळीकडे शांतता. आई अर्धी उठली. पाळकसाहेब म्हणाले, "दोन मिनिटं, राजा," आणि खरोखर दोन मिनिटांत आमेन म्हणाले. त्यानंतर दाराशी राजाच्या आईला जी माणसं भेटली, त्यांत आयुष्यात तिच्याशी न बोललेले दोन वडीलधारे होते. पुढच्या रविवारी राजाला पहिल्या बाकावर बसवता येईल का, असं ते विचारत होते.

पायांचं, कानांचं, आवाजाचं जमत गेलं, कारण ते मोजता येतं. मनाच्या आजाराचं तसं नाही. आमच्याकडे प्रार्थनेच्या चिठ्ठ्या येतात त्या उपासनेत मी वाचून दाखवतो. गुडघा, पित्ताशय, दहावीची परीक्षा, दुबईचा व्हिसा, हे सगळं नावागावासकट येतं. मनाचा आजार असला की चिठ्ठीवर 'एका कुटुंबासाठी, कारण प्रभूला ठाऊक' एवढंच. कुणाची बायपास झाली तर त्या घरी इतके डबे जातात की फ्रीजमध्ये जागा उरत नाही. पण एका घरातला मुलगा मनोरुग्णालयात होता तेव्हा त्याची आई सगळ्यांना तो मामाकडे गेलाय म्हणून सांगत होती, आणि मामाकडे गेलेल्या मुलाच्या घरी डबा कोण नेणार? वर सल्लागार असतातच. आईवडिलांचं काही पाप असेल, असं एक जण कुजबुजला. योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्यांनी नेमका हाच प्रश्न जन्मांध माणसाबद्दल विचारला होता आणि त्यांना स्पष्ट 'नाही' असं उत्तर मिळालं होतं, पण तो अध्याय लोक आंधळ्यांपुरता धरतात. दुसऱ्याने सांगितलं की गोळ्या बंद करा आणि उपास धरा. स्वतः शुगरची गोळी घेऊन चर्चला येणारा माणूस मनाच्या गोळीला अविश्वास म्हणतो, हे मला कधीच पटलेलं नाही. मी दोन्ही घेतो.

ते कुणाला ठाऊक नव्हतं. म्हणजे हिला ठाऊक होतं, बाकी कुणाला नाही.

एका मीटिंगमध्ये मी विल्यम कॅरींची गोष्ट काढली. कॅरी म्हटलं की आमच्याकडे सगळे सरसावून बसतात, कारण 1805 साली त्यांनी मराठीचं व्याकरण छापलं, 1810 साली शब्दकोश छापला, बायबलाचं भाषांतर केलं. त्यांच्या पत्नीचं, डॉरोथीचं नाव मात्र कुणाला सांगता येईना. तिचा पाच वर्षांचा मुलगा पीटर 1794 मध्ये बंगालात वारला, तिचं मन ढासळलं ते कायमचं; तिला खोलीत बंद ठेवावं लागे आणि शेजारच्या खोलीत भाषांतरं चालू असत. व्याकरण आणि शब्दकोश यांच्या मधे, 1807 मध्ये, ती गेली. एवढं बोलून मी थांबलो. मला वाटलं खजिनदार खर्चाचं काहीतरी विचारतील. ते म्हणाले, "तिच्याशी बोलायला कोण जात होतं?" आणि चष्मा पुसत बसले.

समितीने ठरवलं की निदान सरकारी हेल्पलाइनचा नंबर लोकांना द्यावा. टेली-मानस, 2022 पासून सुरू आहे, फुकट आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात, नंबर 14416. मी उत्साहाने तो मोठ्या अक्षरांत लिहिला, आणि सगळ्यांना दिसावा म्हणून पुढच्या भिंतीवर लटकवला, जिथे दर रविवारी गीतांच्या क्रमांकांची पाटी असते. पहिलं गीत झालं, दुसरं झालं, आणि मग पेटीवाल्यांनी माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की विचारू नका. अर्धी मंडळी पुस्तकाची पानं उलटत होती. पुढच्या रांगेतल्या एका आजीबाईंनी शेजारणीला विचारलेलं मला ऐकू आलं, "चौदा हजार गीतं कधी झाली गं? आणि आपलं पुस्तक जुनंच?" शेवटी मला उठून सांगावं लागलं की हे गीत नाही, मन दुखत असेल तर फोन करायचा नंबर आहे. त्यामुळे झालं असं की तो नंबर आता लहान पोरांनाही पाठ आहे. सूचनाफलकावर लावला असता तर माशांनी वाचला असता.

मग मला सुचली ती शेवटची युक्ती. मी स्वतःच एक चिठ्ठी लिहिली: 'एका भावासाठी, ज्याला रात्री झोप लागत नाही, उगाच छाती धडधडते, गोळ्या चालू आहेत, आणि तो कुणाला सांगत नाही.' अक्षर ओळखू नये म्हणून डाव्या हाताने लिहिली. वाचताना उभा राहिलो तेव्हा ध्यानात आलं की ती मला वाचता येत नाहीये. चष्मा वर केला, खाली केला, चिठ्ठी उजेडाकडे धरली, आणि "एका भावासाठी... ज्याला... ज्याला झोप..." असं अडखळत, घामाघूम होत, पाठ होतं ते म्हणून टाकलं. लोकांनी आमेन म्हटलं. नेहमीपेक्षा जरा मोठ्याने.

उपासनेनंतर खजिनदारांनी मला नव्या जागी लावलेल्या स्कूटरपाशी गाठलं. चेहरा लाल. "तुम्हाला कुणी सांगितलं माझं? डॉक्टरने?" मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "नाव नाही घेतलंत तेवढे उपकार," आणि स्कूटरला किक मारून निघून गेले. रॅम्पच्या वळणावर तबलेवाले उभे होते. त्यांचाही हाच संशय, फक्त त्यांचा राग नव्हता, ते नुसतेच माझा हात धरून उभे राहिले. फाटकाशी संडे स्कूलच्या एक बाई वाट बघत होत्या. त्या म्हणाल्या, "प्रार्थनेबद्दल आभारी आहे, पण 'भावासाठी' का वाचलंत? मी 'बहिणीसाठी' लिहिणार होते, पण चिठ्ठी टाकलीच नव्हती, मग तुमच्याकडे आली कशी?"

घरी आल्यावर ही म्हणाली, "डाव्या हाताने लिहिली की उजव्या, वाचताना घाम तुमचाच होता."

मग मी एकेकाला जाऊन सांगितलं की तो भाऊ मी आहे. खजिनदारांना सांगायला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण त्यांना आधी पटेचना. त्यांचं म्हणणं, तुम्ही मीटिंगमध्ये घोरता, तुम्हाला कसली निद्रानाशाची तक्रार? मी म्हटलं, रात्री न झोपणारा माणूस दिवसा कुठे झोपणार, तुमच्या अहवालातच. ते हसले. त्यांना मी पहिल्यांदाच हसताना पाहिलं असं म्हणणार होतो, पण खरं म्हणजे त्यांचा अहवाल चालू असताना माझे डोळे मिटलेले असतात, तेव्हा कदाचित हसतही असतील.

आता बुधवारी संध्याकाळी आम्ही काही जण शांत खोलीत चहाला बसतो, उंटाशेजारी. उपदेश नाही, वृत्तांत नाही. एकदा पाळकसाहेब आले आणि एलीयाची गोष्ट सांगून गेले: एवढा मोठा संदेष्टा, पण थकून रानात एका झुडपाखाली आडवा झाला आणि आता मरण येऊ दे म्हणाला. देवदूताने त्याला विश्वास वाढव वगैरे काही सांगितलं नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर दिली, पाणी दिलं, झोपू दिलं. पुन्हा उठवलं, पुन्हा खाऊ घातलं. डब्याचीच गोष्ट ती, असं संडे स्कूलच्या बाई म्हणाल्या.

ते खजिनदारांनी मनावर घेतलं असावं. गेल्या महिन्यात मला सलग काही रात्री वाईट गेल्या, बुधवारी गेलो नाही, तर गुरुवारी दुपारी दारात स्कूटर. चार पुडांचा स्टीलचा डबा, वरच्या झाकणावर त्यांच्या आडनावाची अक्षरं कोरलेली. ते आत आले नाहीत, "डबा धुऊन पाठवा" म्हणाले आणि गेले. मी भरल्या डोळ्यांनी पहिला पुडा उघडला. दुधी भोपळा. दुसरा उघडला. दुधीची कोशिंबीर.

मी हिला म्हटलं, "एलीयाच्या डब्यात दुधी असल्याचा उल्लेख नाही."

ही पोळ्या मोजत म्हणाली, "म्हणून तर देवदूताला दोनदा उठवावं लागलं. बसा जेवायला."